दूध तुटल्यानंतरची शांतता

बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात एकंदर १५० स्तोत्रे आहेत. त्यांतील ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे. ते मोठ्याने म्हणू लागल्यास मध्येच पाण्याचा घोट घ्यावा लागतो. १३१वे स्तोत्र मात्र अवघ्या तीन वचनांचे आहे. ते म्हणण्यास एक मिनिटही लागत नाही. दिवसभर दुसऱ्याचे करून थकलेल्या माणसाला रात्री डोळे जड झालेले असताना जेवढे वाचता येईल, तेवढीच त्याची लांबी आहे. या लेखांकात आपण त्याच स्तोत्राचा विचार करू.

स्तोत्र मूळ हिब्रू भाषेतले. शिरोलेखात दाविदाचे नाव आहे आणि ‘आरोहणाचे स्तोत्र’ अशी त्याची जात सांगितली आहे. १२० ते १३४ या १५ स्तोत्रांना हे नाव मिळालेले आहे. सणासाठी डोंगर चढून यरुशलेमला जाणारे यात्रेकरू ती वाटेवर म्हणत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. मिश्ना या ज्यू ग्रंथाने त्यांचा संबंध मंदिराच्या १५ पायऱ्यांशी जोडला आहे. वारी पाहिलेल्या मराठी वाचकाला वाटेवर म्हणायची छोटी पदे ही कल्पना परकी वाटणार नाही. मात्र गुडघे चालेनासे झाल्यावर ज्याची यात्रा खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच उरली आहे, त्याला या चढणीच्या गाण्याचा काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील; आणि तो रास्त आहे.

प्रथम आशय पाहू. पहिल्या वचनात बोलणारा देवाला तीन गोष्टी सांगतो: माझ्या हृदयात ताठा नाही, माझी नजर उंचावर नाही, आणि मला न पेलणाऱ्या थोर गोष्टींत मी पाऊल घालत नाही. दुसऱ्या वचनात तो आपल्या जिवाची अवस्था वर्णन करतो. आईजवळ असलेल्या, दूध तुटलेल्या मुलासारखा आपला जीव आपण निवांत केला आहे, असे तो म्हणतो. तिसऱ्या वचनात तो एकाएकी आपल्या सगळ्या लोकांकडे वळतो आणि त्यांना आशा धरून राहण्यास सांगतो. एवढेच. आजारातून बरे कर अशी विनवणी नाही, शत्रूचा नाश कर असे मागणे नाही, कसले आश्वासनही नाही.

या स्तोत्राचा सारा प्राण दुसऱ्या वचनातील मुलाच्या प्रतिमेत आहे. वरवर वाचणाऱ्याला ते तान्हे बाळ वाटते आणि आईच्या कुशीत निजलेल्या अर्भकाचे गोड चित्र डोळ्यांपुढे येते. पण हिब्रू शब्द तान्ह्या बाळाचा नाही. तो ‘गामूल’ आहे, म्हणजे अंगावरचे दूध तोडलेले मूल. त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत अंगावर पीत असे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई आपल्या मुलाला तीन वर्षे पाजल्याची आठवण देते. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली, आणि हन्नाने शमुवेलाचे दूध तुटल्यानंतरच त्याला शिलो येथील मंदिरात नेऊन सोडले, या कथाही बायबलात आहेत. तेव्हा हे मूल चालणारे, बोलणारे, हट्ट करणारे आहे. आपल्याला काय नाकारले गेले, हे त्याला पुरते समजते.

ज्या घरांत मुलांचे दूध तोडलेले वाचकांनी पाहिले असेल, त्यांना ते दिवस आठवतील. कोणी कडुनिंबाचा पाला वाटून लावी, कोणी मुलाला आठवडाभर आजीपाशी निजवी. मूल रात्र रात्र आक्रोश करी. आईची दशा त्याहून बरी नसे. छाती दाटून येई आणि शेजारच्या खोलीतले रडणे ऐकत ती बसून राही. मग एका दिवशी, कोणालाही नेमका दिवस सांगता येऊ नये अशा रीतीने, ते मूल आईजवळ येऊन बसे आणि काहीच मागत नसे.

अंगावर पिणारे मूल आईच्या जवळ स्वस्थ राहू शकत नाही. दुधाचा वास येताच ते चुळबुळू लागते. त्याच्या दृष्टीने आई आणि दूध या दोन निराळ्या वस्तू नाहीत. दूध तुटलेले मूल प्रथमच आईला आई म्हणून जवळ करते. त्याची आईवरची भिस्त संपलेली नसते. त्याला भरवावे लागते, उचलून घ्यावे लागते. पण त्या गरजेचा फास सुटलेला असतो. आंतरिक स्वातंत्र्य हा शब्द आपण फार सैल वापरतो. कोणावाचून अडू नये म्हणजे स्वातंत्र्य, असा त्याचा रूढ अर्थ आहे. तो अर्थ धरला, तर लकवा झालेल्या, कंबरेचे हाड मोडलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाच्या वाट्याला स्वातंत्र्य येणारच नाही. हे स्तोत्र निराळा अर्थ सुचवते: माणूस दुसऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असूनही मोकळा असू शकतो.

येथे एक जुनी म्हण आडवी येते. वार्धक्य म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा ज्येष्ठांच्या देखत म्हणतो आणि त्यांच्याशी बोबड्या सुरात बोलू लागतो. मला ही म्हण कधीच रुचली नाही. सत्तर-ऐंशी वर्षे संसार केलेल्या माणसाला लाळेरे बांधून ‘शहाणं बाळ माझं’ म्हणणे हा प्रेमाचा प्रकार असला, तरी त्यात अपमानाचा अंश आहे. स्तोत्रातले मूल परत तान्हे झालेले नाही, ते एक पायरी पुढे गेलेले आहे. ज्या हिब्रू धातूपासून ‘गामूल’ शब्द आला, त्याच धातूचा दुसरा अर्थ पिकणे असा आहे. गणनेच्या पुस्तकात अहरोनाच्या काठीला बदाम पिकल्याचे सांगताना हाच धातू योजला आहे. मराठीत आपण वृद्धाला पिकले पान म्हणतो, त्यात गळून पडण्याची चाहूल अधिक असते. हिब्रूतला हा शब्द फळाच्या पिकण्याचा आहे.

आता या शांतीची घडण पाहू. स्तोत्रकर्ता शांत स्वभावाचा होता, असे कोठेही म्हटलेले नाही. दुसऱ्या वचनात दोन क्रियापदे आहेत. त्यांतल्या पहिल्याचा अर्थ सपाट करणे. यशयाच्या २८व्या अध्यायात शेतकरी नांगरलेल्या जमिनीचा पृष्ठभाग सारखा करतो, तेथे हेच क्रियापद आले आहे. ज्यांनी शेती केली आहे त्यांना सांगावयास नको की नांगरटीनंतर जमीन ढेकळांनी भरलेली असते. तीवर फळी फिरवावी लागते आणि ती एकदा फिरवून भागत नाही. दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ गप्प करणे, निवविणे. आणि हे सारे ज्याच्यावर करायचे तो ‘नेफेश’. मराठीत त्याचे भाषांतर जीव किंवा आत्मा असे होते. पण या शब्दाचा एक जुना अर्थ गळा असा आहे. ६९व्या स्तोत्रात पाणी वर चढत कोठवर आले हे सांगताना हाच शब्द येतो. श्वास घेणारा, गिळणारा, तहानेने सुकणारा, हाका मारणारा गळा. निवांत करायचे आहे ते कोण्या सूक्ष्म आत्मतत्त्वाला नव्हे, तर आपल्यातल्या या सतत काहीतरी मागणाऱ्या गळ्याला.

दीर्घ आजाराच्या घरात हा गळा सर्वांच्या परिचयाचा असतो. रात्री दोनला हाक येते: पाणी. पाणी देऊन सून परत जाऊन पडते, तोच पुन्हा हाक: उशी सरकली. मग पंखा, मग पांघरूण, मग दिवा. पाचव्या हाकेला ती तडकते, आणि तडकल्याचे दुःख तिला उरलेली रात्र झोपू देत नाही. खाटेवरचे आजोबाही झोपत नाहीत. त्यांना खरोखर पाणी हवे होते का? पहिल्यांदा हवे असेल. त्यापुढच्या हाकांत बहुधा निराळेच काही असते: अंधाराचे भय, एकटेपण, अजून कोणी आपल्या हाकेला येते की नाही याची चाचपणी. पाणी आणि उशी हे त्या घरातले दूध होऊन बसलेले असते. आजोबांना सून दिसत नाही, पाणी देणारा हात दिसतो. सुनेला सासरे दिसत नाहीत, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या कामांची एक यादी दिसते. नाते दोन्ही बाजूंनी गरजेपुरते उरते आणि दोघेही त्यात कोंडले जातात.

येथे फळी फिरवण्याचे काम दोघांचेही आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात एक साधी गोष्ट असते: दिवसातून एकदा, काही न करता जवळ बसणे. औषध देताना नव्हे, अंग पुसताना नव्हे, हातात मोबाइल घेऊन तर नव्हेच. पाच-दहा मिनिटे नुसते बसावे, वाटल्यास पाठीवर किंवा हातावर हात ठेवावा. कोणतेही काम नसताना माणूस आपल्याजवळ येतो, हे एकदा पटले की हाकांची संख्या पुष्कळदा आपोआप घटते. घटली नाही तरी त्या पाच-दहा मिनिटांपुरता त्या दोघांत यादीचा अडसर नसतो.

खाटेवरच्या माणसाचे काम अधिक अवघड आहे, कारण त्याच्याकडे वेळ भरपूर आणि विसावा थोडा. हाक मारण्यापूर्वी स्वतःला विचारावे की मला आत्ता काय हवे आहे, पाणी की माणूस? पाणी हवे असेल तर निःसंकोच मागावे. तहान, वेदना, लघवीची भावना हे सारे विनासंकोच सांगायचेच असते, त्यात मोठेपणा दाखवून सोसू नये. पण माणूस हवे असेल तर तेही तसेच सांगावे. ‘जरा बसतेस का माझ्याजवळ?’ हे वाक्य मराठी घरांतल्या कर्त्या पुरुषांच्या तोंडून निघणे किती कठीण, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे.

पहिल्या वचनाचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. हृदय, नजर आणि पाऊल या क्रमाने ते आतून बाहेर येते. हृदयातला ताठा म्हणजे ‘मी एकेकाळी कोण होतो’ याचे न संपणारे पारायण. उंचावलेली नजर म्हणजे समोरच्या घरातला मुलगा दर दिवाळीला अमेरिकेहून कसा येतो, याची मोजदाद. आणि न पेलणाऱ्या गोष्टींत पाऊल घालणे म्हणजे नातवाच्या लग्नापासून मुलाच्या धंद्यापर्यंतचे सर्व निर्णय अजून आपल्याच उशाशी व्हावेत, हा आग्रह. शुश्रूषा करणाऱ्यांनाही हे वचन चुकत नाही. आईला विस्मरणाचा आजार आहे. तीन वर्षांनी ती मला ओळखील का, पाच वर्षांनी काय होईल, मग माझे काय होईल, हा विचार मध्यरात्री करणे म्हणजे न पेलणाऱ्या गोष्टीत पाऊल घालणेच होय. उद्या सकाळचा चहा आणि आठची गोळी एवढे पेलते.

याचा अर्थ जबाबदारी टाकावी, असा कोणी काढू नये. मृत्युपत्र करावे, बँकेतली नामनिर्देशने पाहून घ्यावीत, अतिदक्षता विभागात कोठवर उपचार करावेत याविषयीची आपली इच्छा घरच्यांना आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. आणि मग तो विषय रोज उकरू नये. स्तोत्राला ज्याचे नाव आहे तो दाविद राजा होता, थोर उलाढालींतच त्याचे आयुष्य गेले. स्तोत्र त्याने स्वतः रचले की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण संकलन करणाऱ्यांना हे शब्द एका राजाच्या तोंडी शोभतील असे वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. तरुणपणी इंग्लंडमध्ये असताना कानांच्या दोषामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’ असे आहे. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी उतारवयात हाती धरले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ज्या गोष्टी आपल्या हाती नाहीत त्यांवरचा हक्क सोडल्यावर हाती असलेल्या कामाला किती बळ उरते, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांवरून दिसते.

या स्तोत्राचा एक दुरुपयोगही संभवतो आणि त्याविषयी मला कठोरपणे लिहावेसे वाटते. नम्र राहा, काही मागू नका, गप्प बसा, असा उपदेश करण्यासाठी हे शब्द फार सोयीचे आहेत. सुनेने सासूला, मुलाने बापाला, संस्थेतल्या कर्मचाऱ्याने तेथील वृद्धांना तो ऐकवला तर ते स्तोत्राचे वाचन नव्हे. पहिली दोन्ही वचने ‘मी’ने बोललेली आहेत. आपला जीव आपण निवांत करायचा असतो. दुसऱ्याचा जीव निवांत करण्याची आज्ञा त्यांत कोठेही नाही. त्याच न्यायाने, थकून गेलेल्या सुनेला ‘तू शांत राहा, सेवेचे फळ मिळते’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांनी आधी एक रात्र तिच्या जागी जागावे.

शांत दिसणारे प्रत्येक ज्येष्ठ माणूस शांत झालेले नसते, हेही आरोग्यविषयक पाक्षिकात स्पष्ट लिहिले पाहिजे. बोलके माणूस दोन-चार दिवसांत एकाएकी गप्प झाले, सुस्तावले, जेवणाकडे पाहीनासे झाले, मध्येच भानावर येऊन पुन्हा गुंगल्यासारखे वाटू लागले, तर ती आध्यात्मिक अवस्था समजू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी वा सोडियम कमी होणे, नुकतेच सुरू झालेले औषध, तीव्र बद्धकोष्ठता अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवणे आवश्यक असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसणे, झोप व भूक मोडणे, ‘आता कशाला जगायचे’ अशी भाषा येणे, ही नैराश्याची लक्षणे होत. त्यावर उपचार आहेत आणि ते वयाच्या नव्वदीतही घ्यावेत. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. काहींचे मौन तर केवळ ऐकू येत नसल्याचे असते. कानातला मळ काढल्यावर ते पुन्हा बोलू लागतात. दूध तुटलेल्या मुलाची ओळख अशी की ते जवळ येते. खचलेले माणूस दूर सरते, भिंतीकडे तोंड करते. एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

स्तोत्र वाचावे कसे, हे सांगणे उरले. फार सावकाश वाचावे. सोव्हिएत रशियातील ज्यू असंतुष्ट नातान शरान्स्की यांना १९७७ साली अटक झाली आणि त्यांनी नऊ वर्षे तुरुंग व श्रमछावणीत काढली. पत्नी अविताल यांनी पाठवलेले स्तोत्रांचे एक चिमुकले पुस्तक त्यांच्याजवळ होते. शरान्स्की धार्मिक वातावरणात वाढलेले नव्हते आणि त्यांचे हिब्रू कच्चे होते. १९८० साली वडील वारल्यानंतर त्यांनी ती स्तोत्रे अक्षर अक्षर लावत वाचण्यास घेतली. फेब्रुवारी १९८६ मध्ये सुटकेच्या वेळी ते पुस्तक परत मिळेना, तेव्हा ते बर्फात आडवे झाले आणि पुस्तक हाती येईपर्यंत जागचे हलले नाहीत. तुरुंगाला निदान दार असते आणि शिक्षेला मुदत असते. जुनाट आजाराला बहुधा दोन्ही नसतात, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण अपुऱ्या भाषाज्ञानामुळे सक्तीने सावकाश वाचावे लागले, यातच त्या वाचनाची ताकद होती असे मला वाटते. ज्येष्ठांना मोतीबिंदूने किंवा थरथरत्या हाताने सावकाश वाचावे लागते, त्याची खंत नको.

शक्यतो मोठ्याने म्हणावे. एका श्वासात एक ओळ, आणि ओळीनंतर श्वास आपोआप आत येऊ द्यावा. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधक बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना व एक मंत्र म्हणावयास सांगितले असता, दोन्हींत श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली आणि रक्तदाबाचे आपोआप नियमन करणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. अभ्यास लहान होता, निरोगी माणसांवर होता आणि या स्तोत्राचा त्यात संबंध नव्हता. म्हणून त्याच्या आधारे रक्तदाबाची गोळी सोडण्याचे धाडस कोणी करू नये. ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे त्यांनी श्वास लांबवण्याचा प्रयत्न न करता आपल्या चालीनेच म्हणावे.

विस्मरणाचा आजार झालेल्या माणसाला नवे स्तोत्र शिकवू नये. त्याच्या लहानपणी जे कानावर पडले असेल, मग तो हरिपाठ असो, मनाचे श्लोक असोत, नमाजातील आयत असो वा देवळातील उपासनेचे गीत, तेच त्याच्याजवळ म्हणावे. नावे आणि तारखा पुसल्या गेल्यानंतरही पाठांतर पुष्कळ काळ टिकते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. अशा वेळी १३१वे स्तोत्र ऐकवण्याची वस्तू नाही, शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःसाठी वाचण्याची आहे. या वचनातील हिब्रू शब्दरचना अशी आहे की दूध तुटलेले मूल बोलणाऱ्याच्याच अंगावर आहे, असाही अर्थ निघतो. त्यावरून हे शब्द मूळ एखाद्या आईचे असावेत, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. चढणीच्या वाटेवर मुलाला खांद्यावर घेऊन चालणारी यात्रेकरू स्त्री. हा अर्थ ग्राह्य धरला तर हे स्तोत्र उचलणाऱ्याचेही ठरते. दूध तोडताना आईलाही काही तोडावे लागते. आपल्यावाचून याचे क्षणभर चालणार नाही, ही गोड समजूत. जी मुलगी गेली चार वर्षे आईला एका दिवसासाठीही भावावर किंवा परिचारिकेवर सोपवू शकलेली नाही, तिने आपल्या थकव्यात या समजुतीचा वाटा किती आहे, ते तपासून पाहावे. बाकीचा वाटा अर्थातच न आलेल्या भावांचा आहे.

म्हणूनच तिसऱ्या वचनातले ते एकाएकी सर्वांकडे वळणे मला महत्त्वाचे वाटते. आधीच्या १३०व्या स्तोत्राच्या शेवटाकडेही तेच वळण आहे. ते स्तोत्र खोल गर्तेतून मारलेल्या हाकेने सुरू होते आणि पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची आठवण काढते. ज्यू परंपरेत आजाऱ्यासाठी ते म्हणण्याची रीत आहे. दोन्ही स्तोत्रे शेजारी शेजारी ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवली असावीत. आधी आक्रोश, मग निवांतपण. ज्या रात्री १३१वे स्तोत्र ओठांवर येत नाही, त्या रात्री खुशाल १३०वे म्हणावे.

वाचनाची वेळ म्हणून तिन्हीसांजेनंतरची निवडावी. अनेक ज्येष्ठांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. दिवा लावून झाला की खोलीतला टीव्ही बंद करावा, चष्मा पुसून द्यावा, उशी पाठीशी नीट लावावी, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवावा, आणि मग पुस्तक उघडावे.